महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांची तिकिटे व प्रेक्षकवर्ग (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या संघांमधील सामन्यांचा खर्च प्रेक्षकांकडून घेतलेल्या प्रवेशमूल्यातून भागविण्याची पद्धती. ही पद्धती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उदयास आली व विसाव्या शतकात तिला तेथे प्रचंड स्वरूप प्राप्त झाले. शिक्षणसंस्थेच्या मालकीची, लाखभर आसनांची क्रीडागारे आणि त्यांतील आसनांच्या विक्रीवर चालणारे स्वतंत्र क्रीडाविभाग हे अमेरिकन विद्यापीठजीवनाचे खास वैशिष्ट्य होय. आरंभी तिकीट हे खेळाचा खर्च भागविण्याचे साधे साधन होते. पुढे तिकिटांच्या उत्पन्नावर क्रीडागारे उभी राहिली आणि ती भरण्यासाठी प्रेक्षक मिळविणे हीच संस्थांची गरज होऊन बसली. खेळाचे नियम, खेळाडूंची भरती, दूरचित्रवाणीविषयीचे धोरण आणि विद्यार्थ्याचे मैदानातील स्थान या सर्वांवर या गरजेचा परिणाम झालेला दिसतो.

प्रारंभ : अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धा म्हणजे ३ ऑगस्ट १८५२ रोजी न्यू हँपशर राज्यातील विनिपसॉकी सरोवरावर झालेली हार्व्हर्ड व येल यांच्यामधील नौकाशर्यत. तिच्यात हार्व्हर्डचा विजय झाला. या शर्यतीची कल्पना विद्यापीठांची नसून तेथून जाणाऱ्या एका रेल्वे कंपनीच्या अधिकाऱ्याची होती. शर्यत पाहण्यासाठी लोक गाडीने येतील व कंपनीचे उत्पन्न वाढेल, या हिशेबाने कंपनीने दोन्ही संघांचा प्रवासखर्च व मुक्कामाचा खर्च उचलला. महाविद्यालयीन खेळाचा व प्रेक्षकाच्या खिशाचा संबंध अशा रीतीने पहिल्या दिवसापासूनच जडलेला होता.

हाताने व पायाने खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलचा पूर्वज मानला जाणारा रटगर्झ व प्रिन्स्टन यांच्यामधील सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्झविक येथे झाला. रटगर्झने तो ६–४ असा जिंकला. त्या काळी क्रीडामंडळे विद्यार्थीच चालवीत. पोशाख, चेंडू व प्रवास यांचा खर्च आपापसांतील वर्गणीतून भागविला जाई. वर्गणी वसूल करणे हे मंडळाच्या चिटणीसाचे नावडते काम असे. मैदानाभोवती दोर बांधून बघ्यांकडून काही सेंट घेण्याची चाल पडली, ती प्रथम या त्रासातून सुटण्यासाठी. १८८० नंतरच्या काळात मात्र येल, प्रिन्स्टन व हार्व्हर्ड यांचे महत्त्वाचे सामने मोठ्या शहरांतील भाड्याच्या मैदानांवर होऊ लागले. ‘थँक्सगिव्हिंग’ या राष्ट्रीय सणाच्या दिवशी न्यूयॉर्क शहरात होणारा सामना हा तेथील सामाजिक जीवनातील एक मोठा प्रसंग ठरला. १८९३ साली मॅनहॅटन फील्डवर झालेल्या येल–प्रिन्स्टन सामन्यास सुमारे ४०,००० लोक उपस्थित होते. एका दिवसाच्या उत्पन्नातून दोन्ही संघांचा वर्षाचा खर्च निघून वर शिल्लक राहू लागली.

या शिलकेने व्यवस्थापनाचे स्वरूप पालटले. हजारो डॉलरांचा व्यवहार विद्यार्थ्यांच्या हाती ठेवणे शक्य नसल्याने माजी विद्यार्थ्यांच्या समित्या स्थापन झाल्या. येल येथे वॉल्टर कँप या माजी खेळाडूच्या देखरेखीखाली सर्व खेळांचा जमाखर्च एकत्र करण्यात आला. फुटबॉलच्या उत्पन्नातून नौकानयनादी खेळांची तूट भरून काढण्याची व्यवस्था येथे रूढ झाली आणि ती बहुतेक अमेरिकन विद्यापीठांनी पुढे स्वीकारली. विसाव्या शतकाच्या आरंभी येलच्या राखीव निधीत सुमारे १ लक्ष डॉलर साठलेले असल्याचे उघड झाले, तेव्हा वृत्तपत्रांतून टीका झाली. शिकणाऱ्या मुलांच्या खेळातून एवढा पैसा कशासाठी साठवावा, हा प्रश्न तेव्हापासून कायम राहिला. हार्व्हर्डचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम एलियट यांनी फुटबॉलमधील हिंसेबरोबरच त्याच्या बाजारी स्वरूपावरही वारंवार टीका केली. तथापि त्यांच्याच विद्यापीठात पहिले भव्य क्रीडागार उभे राहिले.

क्रीडागारांचे युग : हार्व्हर्ड स्टेडियम १९०३ मध्ये खुले झाले. सलोह काँक्रीटची ही त्या काळातील अपूर्व अशी वास्तू होती. तिच्यासाठी सुमारे ३ लक्ष १० हजार डॉलर खर्च आला. १८७९ च्या पदवीधर वर्गाने त्यासाठी १ लक्ष डॉलरांची देणगी दिली. उरलेल्या खर्चाचा भार मुख्यतः क्रीडासमितीच्या निधीवर, म्हणजेच तिकिटांच्या उत्पन्नावर पडला. बांधकामाचा खेळावर किती दूरगामी परिणाम होऊ शकतो, हे लवकरच दिसून आले. १९०५ च्या हंगामात अनेक खेळाडू मृत्यू पावल्याने देशभर खळबळ उडाली. राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. खेळ मोकळा व्हावा म्हणून मैदान रुंद करण्याची सूचना पुढे आली. परंतु हार्व्हर्डच्या काँक्रीटच्या पायऱ्या हलविणे शक्य नव्हते. त्यामुळे १९०६ मध्ये चेंडू पुढच्या दिशेने फेकण्याची मुभा देण्याचा दुसरा मार्ग पत्करण्यात आला. आधुनिक अमेरिकन फुटबॉलचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य ठरलेल्या या नियमामागे प्रेक्षकांच्या आसनांचाही असा वाटा आहे. याच घडामोडींतून १९०६ मध्ये स्थापन झालेली संघटना १९१० पासून ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथ्लेटिक असोसिएशन’ (पुढे ‘राष्ट्रीय संघटना’) या नावाने ओळखली जाऊ लागली.

येल बोल हे सुमारे ७०,००० आसनांचे क्रीडागार १९१४ मध्ये पूर्ण झाले. पहिल्या महायुद्धानंतर मध्यपश्चिमेकडील व पश्चिमेकडील राज्य विद्यापीठांत अशा बांधकामांची लाटच आली. कॅन्झस (१९२१), ओहायओ (१९२२), नेब्रॅस्का, इलिनॉय व कॅलिफोर्निया (१९२३) येथील क्रीडागारे याच काळातील होत. यांपैकी अनेकांना युद्धात कामी आलेल्यांचे स्मारक असे स्वरूप देण्यात आले. त्यामुळे विद्यार्थी, माजी विद्यार्थी व राज्यातील नागरिक यांच्याकडून वर्गण्या मिळविणे सुलभ झाले. कोलंबस येथील ओहायओ स्टेडियमची आसनक्षमता ६६,२१० होती. ते कधी भरेल की नाही, याविषयी अनेकांना शंका होती. परंतु २१ ऑक्टोबर १९२२ रोजी मिशिगनविरुद्ध झालेल्या उद्‌घाटनाच्या सामन्यासच तेथे जागा अपुरी पडली.

निधिसंकलनाच्या दृष्टीने ॲन आर्बर येथील मिशिगन स्टेडियमचे (१९२७) उदाहरण बोधप्रद आहे. क्रीडा-संचालक फील्डिंग योस्ट यांनी राज्याच्या तिजोरीकडून पैसा न घेता प्रत्येकी ५०० डॉलरांचे ३,००० कर्जरोखे विक्रीस काढले. त्यांवर ३ टक्के व्याज होते. ते आकर्षक नव्हते. खरे आकर्षण वेगळेच होते. रोखेधारकास दहा वर्षे मैदानाच्या मध्यभागालगतची, म्हणजे सर्वोत्तम आसनांची तिकिटे विकत घेण्याचा हमीपूर्वक हक्क देण्यात आला होता. तिकिटाचे पैसे त्याला निराळे द्यावे लागत. आसनाची किंमत आणि ते आसन विकत घेता येण्याच्या हक्काची किंमत या दोन गोष्टी येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर वेगळ्या झाल्या. पुढील काळातील देणगीपद्धतीचे बीज या योजनेत स्पष्ट दिसते. २२ ऑक्टोबर १९२७ रोजी ओहायओ स्टेटविरुद्ध झालेल्या उद्‌घाटनाच्या सामन्यास ८४,४०१ प्रेक्षक होते. त्याच महिन्याच्या आरंभी तुलनेने दुर्बल संघाविरुद्ध झालेल्या पहिल्या सामन्यास मात्र त्याच्या चौथा हिस्सादेखील लोक जमले नव्हते. क्रीडागार कायम असते, पण प्रेक्षक प्रतिस्पर्धी पाहून येतो. या एका विसंगतीभोवती पुढील सर्व तिकीटनीती फिरत राहिली.

मोठ्या क्रीडागारांना मोठे खेळाडू लागतात. इलिनॉयच्या नव्या क्रीडागाराच्या समर्पणसमारंभात, १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, रेड ग्रेंज याने मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार वेळा गुणरेषा पार केली आणि तो देशभर प्रसिद्धीस आला. पुढील वर्षी शेवटचा महाविद्यालयीन सामना संपताच तो व्यावसायिक संघात दाखल झाला व त्याच्या पाठोपाठ हजारो प्रेक्षक तिकडे वळले. प्रेक्षक ज्याच्यासाठी येतो त्या खेळाडूला त्या उत्पन्नाचा वाटा मिळावा की नाही, हा शंभर वर्षे रेंगाळलेला वाद येथे प्रथम ठळकपणे पुढे आला.

टीका व मंदी : कार्नेगी प्रतिष्ठानाने प्रसिद्ध केलेल्या व हॉवर्ड सॅव्हिज यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या ऑक्टोबर १९२९ मधील अहवालाने या व्यवस्थेची पहिली सखोल चिकित्सा केली. तपासलेल्या ११२ संस्थांपैकी ८१ संस्थांत खेळाडूंना नियमबाह्य साहाय्य दिले जात असल्याचे त्यात नमूद होते. या दोषाचे मूळ व्यापारी वृत्तीत आहे व त्याची जबाबदारी अखेरीस विद्यापीठांचे अध्यक्ष व अध्यापक यांच्यावर आहे, असा अहवालाचा निष्कर्ष होता. अहवाल प्रसिद्ध झाला त्याच सुमारास शेअर बाजार कोसळला. मंदीच्या काळात तिकीटविक्री घटली. कर्जाचे हप्ते मात्र ठरलेले होते. मिशिगनसारख्या सधन विद्यापीठालाही रोख्यांची परतफेड काही काळ स्थगित करावी लागली. भरलेली आसने गृहीत धरून घेतलेल्या कर्जाचा धोका येथे उघड झाला.

याच दशकात तिकिटावरील कराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. करमणुकीच्या प्रवेशमूल्यावर केंद्र शासनाने १० टक्के कर बसविला होता. जॉर्जिया राज्याच्या विद्यापीठ मंडळाचे म्हणणे असे, की सार्वजनिक शिक्षण हे राज्याचे मूलभूत कार्य असून फुटबॉलचे उत्पन्न त्यासाठीच खर्च होते. म्हणून हा कर लागू होऊ नये. १९३८ मध्ये न्यायालयाने हे म्हणणे अमान्य केले. उत्पन्नाचा विनियोग शैक्षणिक असला, तरी तिकिटे विकून सामने भरविणे हा एक व्यवसाय आहे, असे त्याने ठरविले. सामना शिक्षणाचा भाग की धंदा, या प्रश्नावर देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने दिलेले हे पहिले महत्त्वाचे उत्तर होय.

शिकागो विद्यापीठाने वेगळाच मार्ग निवडला. एमॉस अलोन्झो स्टॅग या विख्यात प्रशिक्षकामुळे या विद्यापीठाचा संघ एके काळी अग्रगण्य होता. परंतु १९३० नंतर तो सतत हरू लागला व आसने रिकामी राहू लागली. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्झ यांच्या आग्रहावरून विश्वस्तांनी डिसेंबर १९३९ मध्ये आंतरविद्यापीठीय फुटबॉल बंद केला. २ डिसेंबर १९४२ रोजी पहिली नियंत्रित अणुकेंद्रीय शृंखला-विक्रिया घडविण्यात आली, ती याच विद्यापीठाच्या स्टॅग फील्डच्या ओस पडलेल्या प्रेक्षकसज्जांखालील जागेत. हचिन्झ यांचे अनुकरण मोठ्या विद्यापीठांपैकी फारच थोड्यांनी केले.

दूरचित्रवाणी व उपस्थिती : दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिक-विद्यार्थ्यांमुळे विद्यापीठे भरली व क्रीडागारेही भरली. त्याच वेळी दूरचित्रवाणीचा प्रसार होऊ लागला. महाविद्यालयीन फुटबॉलचा सामना ३० सप्टेंबर १९३९ रोजी न्यूयॉर्क येथून प्रथम प्रक्षेपित झाला होता. तेव्हा ग्राही संच अगदी मोजके होते. १९५० च्या सुमारास ते लक्षावधी घरांत पोहोचले. घरबसल्या सामना दिसत असता तिकीट कोण घेईल, या भीतीने राष्ट्रीय संघटनेने १९५१ मध्ये प्रक्षेपणावर निर्बंध घातले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आपले घरचे सामने १९४० पासून प्रक्षेपित करीत होते. त्याने विरोध केला. परंतु प्रतिस्पर्धी संघांनी खेळण्यास नकार देण्याची भूमिका घेतल्याने त्याला माघार घ्यावी लागली. १९५२ मध्ये संघटनेने एका प्रक्षेपण कंपनीशी ११ लक्ष डॉलरांहून अधिक रकमेचा करार केला. दर आठवड्यास ठराविक सामनेच दाखविण्याची ही पद्धती तीन दशके टिकली. प्रवेशद्वारावरील उत्पन्नाच्या रक्षणासाठी घातलेले कुंपण अशा रीतीने स्वतःच उत्पन्नाचे साधन बनले.

ओक्लाहोमा व जॉर्जिया येथील विद्यापीठांनी या मक्तेदारीला आव्हान दिले. २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी संघटनेची योजना मक्तेदारीविरोधी कायद्याशी विसंगत ठरविली. प्रत्यक्ष उपस्थितीचे रक्षण हे कारण न्यायालयाने ग्राह्य मानले नाही. मैदानावरील सामना दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत पुरेसा आकर्षक ठरणार नाही ही भीती म्हणजे स्पर्धा रोखण्याचे समर्थन होऊ शकत नाही, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय होता. या निकालानंतर प्रक्षेपित सामन्यांची संख्या झपाट्याने वाढली. प्रबळ विद्यापीठांच्या परिषदांना मिळणारे प्रक्षेपणशुल्क कालांतराने इतके वाढले, की तिकिटांचे उत्पन्न अनेक ठिकाणी दुय्यम ठरले. सामन्याची वेळ प्रेक्षकाच्या सोयीपेक्षा प्रक्षेपकाच्या सोयीने ठरू लागली. तरीही भरलेल्या क्रीडागाराचे महत्त्व संपले नाही; कारण गर्दीचा घोष हाच प्रक्षेपणाच्या आकर्षणाचा मोठा भाग असतो.

तिकीटदर व देणगी : महाविद्यालयीन सामन्यांच्या तिकिटांचे दर दीर्घकाळ बाजारभावापेक्षा कमी ठेवण्यात आले. याची कारणे अनेक आहेत. रिकाम्या आसनाचा खर्च भरलेल्या आसनाइतकाच असतो, तर आलेला प्रेक्षक खाद्यपदार्थ, वाहनतळ व स्मृतिवस्तू यांवरही खर्च करतो. शिवाय गर्दीमुळे संघाला बळ मिळते, आणि माजी विद्यार्थ्याला वर्षातून एकदा विद्यापीठाकडे खेचून आणणारा हा प्रसंग इतर देणग्यांचाही उगम असतो. तिकिटांची टंचाई आणि कमी दर यांतून काळा बाजार निर्माण झाला. तो फायदा दलालांऐवजी विद्यापीठास मिळावा, या हेतूने हंगामी तिकिटांचा अग्रहक्क देणगीशी जोडण्यात आला. देणगी जितकी मोठी व जुनी, तितके आसन मध्यरेषेच्या जवळ, असे कोष्टकच बहुतेक विद्यापीठांनी तयार केले. छापील दर स्थिर दिसे. प्रत्यक्षातील किंमत देणगीत दडलेली असे.

अशी देणगी धर्मादाय मानावी काय, हा वाद करखात्यापुढे आला. १९८८ च्या कायद्याने तिकीट विकत घेण्याचा हक्क देणाऱ्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत मान्य केली. परिणामी उत्तम आसनांच्या किंमतीचा काही भार अप्रत्यक्षपणे सर्व करदात्यांवर पडला. तीस वर्षांनंतर, २०१७ मध्ये संमत झालेल्या करसुधारणा कायद्याने ही सवलत १ जानेवारी २०१८ पासून रद्द केली.

जाहिरात व विक्री यांचे आधुनिक तंत्र प्रथम मिशिगन येथेच विकसित झाले. १९६८ मध्ये क्रीडा-संचालक झालेल्या डॉन कॅनम यांनी लाखाहून अधिक आसनांच्या क्रीडागारातील रिकाम्या जागा भरण्यासाठी कुटुंबांना थेट टपालाने पत्रके पाठविली आणि सामन्याला सहकुटुंब सहलीचे स्वरूप दिले. ८ नोव्हेंबर १९७५ पासून तेथील घरच्या सामन्यांस लाखाहून अधिक उपस्थितीची परंपरा सुरू झाली. कोव्हिड महासाथीमुळे प्रेक्षकांना मज्जाव असलेल्या २०२० च्या हंगामाचा तिला अपवाद आहे. नेब्रॅस्का येथे सर्व तिकिटे विकली जाण्याची अखंड मालिका ३ नोव्हेंबर १९६२ पासून चालू झाली. उपस्थितीला प्रशासकीय अर्थही प्राप्त झाला. १९७८ मध्ये फुटबॉलच्या अग्रश्रेणीची विभागणी करताना क्रीडागाराचा आकार व प्रेक्षकांची सरासरी यांचा विचार करण्यात आला. पुढे उच्चश्रेणीसाठी सरासरी १५,००० उपस्थितीची अट होती. ती २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. अशी अट पुरी करण्यासाठी दुर्बल संस्था स्वतःच किंवा हितचिंतकांकरवी तिकिटे घेऊन संख्या फुगवीत असत.

विद्यार्थ्याचे स्थान : ज्याच्यासाठी हा खेळ सुरू झाला त्या विद्यार्थ्याचा प्रश्न या इतिहासात सर्वांत नाजूक आहे. मोठ्या विद्यापीठांत विद्यार्थ्यास सवलतीच्या दराने तिकीट मिळते, पण आसने ठराविक व बहुधा गुणरेषेमागील असतात. प्रक्षेपणाचे उत्पन्न अल्प असलेल्या लहान विद्यापीठांत परिस्थिती उलट आहे. तेथे तिकिटे खपत नाहीत. म्हणून क्रीडाविभागाची तूट सर्व विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या सक्तीच्या शुल्कातून भरून काढली जाते. जो विद्यार्थी कधीच सामना पाहत नाही, तोही अशा रीतीने तिकिटाचे पैसे देत असतो आणि अनेकदा ते शिक्षणासाठी काढलेल्या कर्जातून देतो.

२००९ मध्ये व्यावसायिक बेसबॉलमध्ये आलेली मागणीनुसार बदलत्या दरांची पद्धती पुढील काही वर्षांत विद्यापीठांनीही उचलली. मिशिगनने ती २०१३ मध्ये एकेका सामन्याच्या तिकिटांसाठी स्वीकारली. त्याच वर्षी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने आपल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आखलेली उतरत्या लिलावाची योजना अमलात आणली. तीत दर हळूहळू उतरत जाई व शेवटी सर्वांना एकाच, म्हणजे सर्वांत कमी दराने तिकीट पडून आधी दिलेली जादा रक्कम परत मिळे. मिशिगन येथे विद्यार्थ्यांच्या हंगामी तिकिटाचा दर २०१४ मध्ये २९५ डॉलरांवर गेला, तेव्हा विद्यार्थ्यांची खरेदी लक्षणीयरीत्या घटली व त्या वर्षीच्या शरदात त्यांनी उघड निदर्शने केली. दराबरोबरच संघाची खालावलेली कामगिरी व व्यवस्थापनाविषयीचा रोष हीदेखील त्यामागील कारणे होती. ऑक्टोबरअखेर क्रीडा-संचालकांनी राजीनामा दिला व पुढील हंगामासाठी दर १७५ डॉलरांपर्यंत खाली आणण्यात आला. विद्यार्थी हा केवळ ग्राहक नसून सामन्याच्या वातावरणाचा निर्माता आहे, याची जाणीव या प्रसंगाने सर्वच विद्यापीठांस करून दिली. आज विद्यार्थी म्हणून येणारा प्रेक्षक हाच उद्याचा देणगीदार असतो. त्याची सवय एकदा मोडली, तर ती पुन्हा लावणे कठीण असते.

अलीकडील स्थिती : उच्चश्रेणीतील फुटबॉल सामन्यांची सरासरी उपस्थिती २००८ मध्ये सुमारे ४७,००० पर्यंत पोहोचली होती, २०१८ पर्यंत ती सुमारे ४२,००० वर आली. प्रक्षेपणाचा सुधारलेला दर्जा, लांबलेले सामने, प्रवासाचा व तिकिटांचा वाढता खर्च ही याची प्रमुख कारणे मानली जातात. अनेक विद्यापीठांनी आसनक्षमता कमी करून त्या जागी थोड्या पण महागड्या आसनांचे कक्ष बांधले. बहुसंख्यांच्या अल्प वर्गणीकडून अल्पसंख्यांच्या मोठ्या देणगीकडे झालेले हे संक्रमण लक्षणीय आहे.

याच काळात स्त्रियांच्या खेळांनी मात्र वेगळी दिशा दाखविली. शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास मनाई करणाऱ्या १९७२ च्या कायद्यानंतर त्यांचा विस्तार झाला. हे खेळ फुटबॉलच्या उत्पन्नावरच चालतात, असे दीर्घकाळ गृहीत धरले जाई. ३० ऑगस्ट २०२३ रोजी लिंकन येथील फुटबॉलच्या क्रीडागारात झालेल्या नेब्रॅस्काच्या महिला व्हॉलिबॉल सामन्यास ९२,००३ प्रेक्षकांची नोंद झाली. प्रेक्षक नाही म्हणून आसने नाहीत आणि आसने नाहीत म्हणून प्रेक्षक नाही, या जुन्या दुष्टचक्राचा फोलपणा त्यामुळे प्रत्ययास आला.

खेळाडूंच्या वाट्याचा प्रश्नही अखेर सुटू लागला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरील निर्बंध एकमताने अवैध ठरविले. जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लक्ष डॉलर ठरली. ही रक्कम उभी करण्याच्या तयारीत टेनेसी विद्यापीठाने २०२५ च्या हंगामाच्या फुटबॉल तिकिटांवर १० टक्के ‘गुणवत्ता शुल्क’ आकारण्याचे २०२४ मध्येच जाहीर केले होते. वर्गणीचा त्रास टाळण्यासाठी मैदानाभोवती बांधलेला दोर, क्रीडागाराच्या कर्जाचे हप्ते, देणगीदाराचा अग्रहक्क आणि खेळाडूचा मोबदला अशी तिकिटामागील कारणे दीडशे वर्षांत बदलत गेली. दर वेळी नवा भार प्रेक्षकावर पडला व तो पेलण्याची ऐपत असलेल्यांचे वर्तुळ लहान होत गेले. विद्यापीठीय खेळ हा समाजाच्या मोठ्या भागाला आपला वाटतो, हेच या व्यवस्थेचे मूळ भांडवल होय. ते टिकविण्यासाठी आसनाची किंमत किती असावी, याचा निर्णय म्हणूनच केवळ हिशेबाचा न राहता शैक्षणिक धोरणाचा विषय ठरतो.